दोन कार्डांची साखर

दसरा उलटला की आमच्या चिंचवडात एक रिक्षा फिरायला लागते. टपावर भोंगा बांधलेला, आत बसलेला माणूस दिसत नाही, नुसता आवाज. मिक्सर घ्या, इस्त्री मिळवा. टीव्ही घ्या, आधी घरी न्या, मग बघू. ज्या दिवशी कंपनीत बोनस वाटतात त्या दिवशी तर गेटबाहेर जत्राच असते. चादरीवाले, स्टीलवाले, घड्याळवाले. माणूस शिफ्ट सुटून बाहेर येतो तो घराकडे जायच्या आधीच निम्मा रिकामा होतो.

या सगळ्याला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. माझ्याकडे मिक्सर आहे आणि पाटा-वरवंट्याची मला कधी आठवण येत नाही. ज्यांना येते त्यांनी आठवडाभर पुरणाची डाळ वाटून बघावी. परवा माझी अंजू म्हणाली, "आई, यंदा चकल्या विकतच्या आणू या का?" तिला वाटलं मी रागावेन. मी म्हटलं, "आण. नीट बघून आण, खवट नकोत."

तिच्याबरोबर वाण्याकडे गेले. दुकानाच्या तोंडाशी साखरेचं पोतं उघडं ठेवलेलं, कड खाली गुंडाळलेली, वर शीग. कुणीही यावं आणि हवी तेवढी मागावी. अंजूनं न बघताच "चार किलो" म्हटलं. मी मात्र थांबले. इतक्या वर्षांनंतरही उघड्या साखरेच्या पोत्यासमोर मी क्षणभर थांबते. लाज वाटावी असं काही नाही, पण ती आठवण काही फार अभिमानाची नाही.

बहात्तर सालची दिवाळी. दुष्काळाची.

तेव्हा आम्ही पिंपरीत, हमरस्त्यापासून आत असलेल्या अकरा खोल्यांच्या चाळीत राहत होतो. हे कंपनीत फिटर. अंजू सहा वर्षांची, तिचा भाऊ चार. शेजारच्या खोलीत जुबेदाभाभी. त्यांचे इस्माईलभाई हमरस्त्यावर एका गॅरेजात ट्रकची इंजिनं उतरवायचे. भाभी चाकणकडच्या, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. मला "सुमन" म्हणायच्या आणि अगं-तुगं करायच्या. त्यांच्या बोलण्यात चाकणचं मराठी आणि घरातलं हिंदी अशी सरमिसळ असे. रागावल्या की शुद्ध चाकण.

साखर रेशनवर. कार्डावर माणशी ठरलेली, तीही तुटपुंजी. सणासुदीला थोडी जादा, तीही आली तर. म्हणून मी एक व्यवस्था बसवली होती. मला व्यवस्था बसवायला आवडतं. दोघींची कार्डं माझ्याकडे, रांगेत मी उभी राहणार, त्या बदल्यात भाभी माझी झंपरं शिवणार. आणि दिवाळीच्या महिन्यात दोन्ही कार्डांची साखर आमच्याकडे, रमजानच्या महिन्यात दोन्हींची त्यांच्याकडे. त्या काळात ईद डिसेंबर-जानेवारीकडे असायची, दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. चार-पाच वर्षं हे घड्याळासारखं चाललं. चाळीतल्या बायका हेवा करत. देसाईबाई म्हणायच्या, "सुमनताई, तुम्ही सचिवालयात हव्या होतात."

पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. आणि त्या वर्षी अधिक महिना येऊन आपली दिवाळी पलीकडे गेली. दोन सण एकमेकांकडे चालत येत होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात ते स्पष्ट लिहिलेलं होतं. लक्ष्मीपूजन रविवारी, आणि चंद्र दिसला तर ईद त्याच आठवड्यात.

मला ते दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. मी भाभींना म्हटलं, "असं करू, ऑक्टोबरची दोन्ही कार्डांची मी घेते, दिवाळी आधी आहे ना. नोव्हेंबरची पहिल्या तारखेला येईल, ती सगळी तुमची."

भाभी शिलाई मशीनवर बसल्या होत्या. दोरा दातानं तोडता तोडता थांबल्या, कारण रोजा होता आणि दोराही तोंडात घालायचा नव्हता. कात्री शोधत म्हणाल्या, "बरं. तुला जमंल तसं कर." मग थोड्या वेळानं, "औंदा शमीमच्या सासरची येणार हायेत बघ. पैलीच ईद." शमीम त्यांची थोरली. उन्हाळ्यात तिचं खेडच्या मुलाशी ठरलं होतं आणि मुलाकडची माणसं ईदला पहिल्यांदाच घरी यायची होती.

"येऊ देत की. साखर पहिल्या तारखेला तुमच्या घरात," मी म्हटलं. सचिवालयासारखंच बोलले.

आता त्या ऑक्टोबराबद्दल सांगते, कारण माझ्या डोक्यात तो महिना वासांनी राहिला आहे. पाऊस झालाच नव्हता, त्यामुळे दिवाळीआधी जो ओल्या गवताचा वास येतो तो नव्हता. धूळ, रॉकेल, आणि कंपनीकडून येणारा तापलेल्या लोखंडाचा वास. नळाला पाणी तासभर. रेशनवर लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना फाटायची. सोलापूर-बीडकडची माणसं बोचकी घेऊन रेल्वेलाइनीच्या कडेनं उतरलेली. आणि या सगळ्यात कंपनीत बोनस झाला. चांगला झाला. चाळीत अकरांपैकी सात घरं कंपनीची. सात घरांत याद्या सुरू झाल्या.

आमच्या यादीत शोकेस होती. देसाईबाईंकडे आली होती म्हणून आमच्याकडे यायलाच हवी होती, यापलीकडे काही कारण मला आज सापडत नाही. काचेची सरकती दारं, आत तीन फळ्या. हातगाडीवरून आली. दहा बाय बाराच्या खोलीत ती ठेवायला ह्यांची कॉट आडवी करावी लागली. मग प्रश्न आला, आत ठेवायचं काय? आमच्याकडे शोभेचं काही नव्हतं. म्हणून मी चांगल्या सहा कप-बशा आत ठेवल्या आणि तेव्हापासून आम्ही चहा कानतुटक्या कपांतून प्यायला लागलो. हे म्हणाले, "चांगलंय. कप बघायचे आणि चहा प्यायचा." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

शोकेस आली, तर फराळही तसा हवा. देसाईबाईंनी सात जिन्नस करायचं जाहीर केलं होतं. मी आठ ठरवले. दोन कार्डांची साखर डब्यात होती, डबा जड लागत होता. रव्याचे लाडू, बेसनाचे लाडू, शंकरपाळी, करंज्या, अनारसे. निम्मी साखर मागे ठेवता आली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. चार जिन्नस केले असते तर कुणी उपाशी राहिलं नसतं.

दुपारी भाभी मदतीला यायच्या. आमच्या आणि त्यांच्या खोलीमधल्या भिंतीत एक छोटी खिडकी होती, पलीकडून त्यांचा आवाज यायचा. "सुमन, जरा मीठ बघ गं." रोज्यात त्यांना चव घेता यायची नाही आणि संध्याकाळच्या कालवणाची त्यांना काळजी. महिनाभर मी खिडकीतून चमचा घेऊन मीठ बघत होते. मग त्या माझ्याकडे यायच्या आणि लाडू वळायला बसायच्या. माझे लाडू बसके व्हायचे, त्यांचे गोल. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, समोर तुपात भाजलेला रवा, आणि हात साखरेत बुडालेले. त्यांच्याच कार्डाची साखर. वळून झालं की हात धुऊन, पदराला पुसून घरी जायच्या. मी एकदा विचारलं, "भाभी, तोंडाला पाणी सुटत नाही?"

"सुटतं की. माणूस हाय मी."

"मग?"

"मग काय? सुटू द्यायचं." आणि हसल्या.

हा संवाद मी पुढे खूपदा आठवला आहे. कीर्तनात, प्रवचनात संयमावर बरंच ऐकलं. पण 'सुटू द्यायचं' याच्याइतकं सोपं कुणी सांगितलं नाही. आम्ही चाळीतल्या सगळ्याजणी त्या महिन्यात सुटलेल्या पाण्यामागं धावत होतो.

एक तारीख आली. मी पिशवी घेऊन रेशन दुकानावर गेले. पाटी: साखर नाही. दुकानदार म्हणाला, गाडी दोन दिवसांत. दुसऱ्याच दिवशी जाऊन बघितलं, तीच पाटी. धनत्रयोदशीला गेले तेव्हा दुकानदारानं मी विचारायच्या आधीच हात हलवला. "बाई, दिवाळीनंतर. आता मला मारलं तरी नाही."

कॅम्पात गेले. पिंपरीच्या कॅम्पात सगळं मिळतं असा तेव्हा लौकिक होता. कापडाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती, पण रेशनबाहेरची साखर नव्हती. होती तेवढी हलवायांनी मिठाईसाठी उचललेली, किंवा कुणीतरी आणखी भाव चढायची वाट बघत दडवलेली. तीन दुकानं फिरले. एकानं डोळा मिचकावून "संध्याकाळी या" म्हटलं, संध्याकाळी दुकानच बंद. बत्तासे तेवढे मिळत होते, लक्ष्मीपूजनासाठी, तेही घरटी एक पुडा. तो मी आधीच आणला होता.

परत येऊन भाभींच्या दारात उभी राहिले. सांगायचं काय हे मला नीट माहीत होतं, सांगायचं कसं हे नव्हतं.

"आली न्हाई ना?" त्याच म्हणाल्या. शमीम शेवया निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"शिरखुर्मा गुळाचा करता येईल का?" मी विचारलं.

"गुळानं दूध नासतं, येडे. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत होतं. मग मी आणखी वेडेपणा केला. म्हटलं, "माझे रव्याचे लाडू आहेत. ते दुधात कुस्करले तर?"

भाभी हसायलाच लागल्या. शमीमही हसली. "आगं, तो शिरखुर्मा न्हाई, लापशी व्हईल! खेडची मानसं म्हनतील, पोरीच्या आईला सैपाक येत न्हाई." हसून झाल्यावर माझ्या हातावर थापटलं. "ऱ्हाऊ दे. खारकीचं गोड उतरतंय थोडं. हो जाएगा."

त्या एखादा शब्द लावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हटलं असतं, तुझ्या आठ जिन्नसांपायी माझ्या मुलीची शोभा होणार. तसं झालं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. मी घरी आले. शोकेसमध्ये कप चमकत होते. शेजारी लाडवांचे तीन डबे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी पूजेची तयारी काढत होते. लाह्यांची पिशवी, बत्तास्यांचा पुडा. पुडा सोडला आणि एक बत्तासा बोटात धरला. बत्तासा म्हणजे काय? साखर आणि हवा. दुसरं काही नाही. दुधात टाकला की क्षणात नाहीसा होतो.

मी पुडा घेऊन खिडकीशी गेले. "भाभी, हे बघा."

त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. "ते तुझ्या पूजेचं हाय. परसाद झाला म्हंजे ह्यांना चालायचा न्हाई. आनि मी लपवून घालायची न्हाई. ईदच्या दिवशी खोटं कशाला?"

हे मलाही ठाऊक होतं. दरवर्षी त्यांच्याकडे फराळाचं ताट जायचं, पण देवापुढचा प्रसाद मी त्यात कधी ठेवत नसे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते ठरलेलं होतं.

"अजून पूजा झालेली नाही," मी म्हटलं. "देवीपुढे ठेवलेलाच नाही. आता नुसती साखर आहे ही."

भाभींनी पुड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग हळूच, "आनि मग तुझ्या देवीला काय?"

"लाह्या."

"नुसत्या?"

"नुसत्या."

खिडकीतून त्यांचा हात लगेच पुढे आला नाही. मी पुडा खिडकीत ठेवला आणि बाजूला झाले.

पण एका पुड्यानं पाहुण्यांचं आणि चाळीचं भागणार नव्हतं. ईदला त्यांच्याकडून बाकीच्या दहाही खोल्यांत शिरखुर्मा यायचा, तो त्यांचा रिवाज. मग मी दार ठोठावत निघाले. मागायची मला सवय नाही, त्यामुळे मी मागितलंही हुकूम सोडल्यासारखं. पहिल्या घरी नाही म्हणाले. "लक्ष्मीपुढं कोरड्या लाह्या? वर्षभर घरात काय टिकेल?" दुसऱ्या घरी मुलांनी बत्तासे आधीच खाल्लेले. तिसऱ्या घरी अर्धे मिळाले.

देसाईबाईंच्या दारात मी थोडी थांबले. त्यांच्याकडे जाणं मला जड होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दोन्ही कार्डांची तुम्ही संपवलीत?"

"हो."

"आठ जिन्नसांत?"

"आठ."

"मी सातच केले हो." मग आत गेल्या. मला वाटलं, झालं. तर वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला पूर्ण पुडा घेऊन आल्या. गाठही सोडलेली नव्हती. "घ्या. आणि सुमनताई, पुढच्या वर्षी मला विचारून जिन्नस ठरवा. मी पाचावर येते, तुम्ही पाचावर या. कंबर मोडली माझी."

संध्याकाळी पूजा मांडली. पाटावर लक्ष्मीची तसबीर, ह्यांच्या बोनसचं पाकीट, माझ्या बांगड्या. पाकिटात तेव्हा फारसं काही उरलं नव्हतं, पण पद्धत म्हणून ठेवलं. आणि वाटीत लाह्या. पांढऱ्या, कोरड्या, हलक्या. हे पाटावर बसले आणि वाटीकडे बघून म्हणाले, "अगं, बत्तासे विसरलीस."

"विसरले नाही. दिले."

"कुणाला?"

मी भिंतीकडे बोट केलं. त्यांनी निरांजनाची वात सारखी केली. "देवीनं विचारलं तर?"

"मी बघते. तुम्ही आरती घ्या."

अंजूनं मात्र भोकाड पसरलं. तिला लक्ष्मीपूजन म्हणजे बत्तासे एवढंच माहीत होतं. तिला मी लाडू दिला. तो तिनं फेकून दिला. मुलं काही आपल्या पुण्यकर्मात सामील होत नाहीत, आणि व्हावीतही का?

मला त्या पूजेत काही थोर वाटलं असं सांगणार नाही. अंगावर काटा आला नाही, डोळे भरले नाहीत. एवढंच की हात जोडल्यावर मागायला काही सुचेना. एरवी माझी यादी असायची. त्या संध्याकाळी पाटावरच्या त्या वाटीपुढे यादी वाचायची सोयच नव्हती. मी नुसती बसून राहिले. तेवढा वेळ मी पूर्वी कधी नुसती बसले नव्हते, आणि खरं सांगायचं तर नंतरही फार नाही.

आता माणसं मला विचारतात, अंजूच विचारते, की पूर्वीचे सण खरे होते ना? मी म्हणते, काही खरे-बिरे नव्हते. आम्हीही हपापलेलेच होतो. फक्त पोतं लहान होतं, म्हणून एकीचा हात आत गेला की दुसरीला लगेच कळायचं. आज पोतं मोठं आहे. कुणाच्या वाटचं आपल्या डब्यात आलं ते दिसत नाही, एवढाच फरक.

ईदच्या दिवशी सकाळी इस्माईलभाई नमाज पढून आले, नवा सदरा, अत्तराचा वास. खेडची मंडळी दहाच्या गाडीनं आली, मुलाची आई, मावशी आणि दोन पुरुष. मी खिडकीशी कान लावून उभी होते, हे कबूल करते. आधी बशांचा आवाज. मग चमच्यांचा. मग मुलाच्या आईचा ठसठशीत आवाज आला, "शिरखुर्मा कुनी केला?"

"शमीमनं," भाभी म्हणाल्या.

"आमच्यात यवढ्या साखरंचा करायला ह्या साली कुनाला जमला न्हाई गं बाई. आमी तर खारकीवरच भागवलं." आणि चमच्यांचे आवाज पुन्हा सुरू झाले. मी खिडकीपासून बाजूला झाले.

थोड्या वेळानं शमीम दहा घरांत वाट्या घेऊन फिरली. आमच्याकडेही आली, वरून रुमाल झाकलेला. शिरखुर्मा गोड होता. अंजूनं वाटी चाटूनपुसून साफ केली आणि मला माफ केलं.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी वाटी परत द्यायला गेले. रिकामी देऊ नये म्हणून त्यात लाडू घातले होते. भाभींच्या घरात सगळे खाली बसून जेवण आटपत होते. इस्माईलभाई, शमीम, तिची धाकटी भावंडं. प्रत्येकासमोर शिरखुर्म्याची वाटी. पण चुलीजवळ दोन पातेली होती. मोठं रिकामं, घासायला काढलेलं. छोट्यातून भाभी वाढत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या, आणि मी बसत बसत छोट्या पातेल्यातला डाव उचलून तळहातावर थोडं घेतलं. सवयीनं. चार-पाच वर्षं आमची घरं अशीच होती.

"ते नको," भाभी घाईनं म्हणाल्या. "ते घरचं हाय."

मी चाखलं होतं. दूध, शेवया, चारोळी. साखर नव्हती. खारकीचा कुठेतरी लांबून आलेला गोडपणा, तेवढाच.

मी मुलांकडे पाहिलं. ती खाली बघून खात होती, तक्रार न करता. तीस दिवसांचे रोजे, त्यातले निम्मे धाकट्यानंही केलेले. इस्माईलभाई हसले. "बत्तासे मोजकेच हुते, सुमनताई. पावन्यांना आनि चाळीला गोड पायजे."

"आणि तुम्हांला?" माझा आवाज चढला असावा.

"आमी काय," भाभी म्हणाल्या, "आमी रोज एकमेकांची तोंडं बघतोय. आमाला कुनाला दाखवायचंय?"

मला क्षणभर राग आला. त्यांचा नाही. कुणाचा ते सांगायची गरज नाही. उठून घरी जावं, असंही वाटलं. पण उठून गेले असते तर ते आणखी एक काम त्यांच्याच गळ्यात पडलं असतं, मला समजवायचं. म्हणून मी नीट मांडी घालून बसले.

"मला एक वाटी द्या," मी म्हटलं.

"फिकी हाय गं."

"असू दे."

त्यांनी दिली. मी खाल्ली. चांगली लागली असं लिहिलं तर ते खोटं होईल. दूध दाट होतं, शेवया बोटभर लांब, मऊ शिजलेल्या, आणि प्रत्येक घासाला जीभ काहीतरी यायची वाट बघत होती. ते येत नव्हतं. मुलं माझ्याकडे चोरून बघत होती, ही बाई खाते का टाकते. मी सावकाश खाल्ली, तळापर्यंत.

मग वाटी पुढे केली आणि म्हटलं, "अजून घाला."